लाल ठिपका, कोरड्या सुया

मी लेथवाला माणूस. आर्णीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पत्र्याचं दुकान. फवारणीचे पंप, मोटारीचे शाफ्ट, जिनिंगचे रोलर, बैलगाडीचे आख, जे येईल ते करायचं. माझं मराठी अर्धं शाळेतलं अन् अर्धं बाजारातलं, घरात बोली वेगळीच, तेव्हा वाचताना कुठं खडा लागला तर बाजूला काढून ठेवा. मिस्त्री फाटक्या तोंडाचा आहे असं लोक म्हणतात. खरं आहे. गिऱ्हाईक असो की जावई, मी कुणाचं ठेवून घेत नाही. पण याच फाटक्या तोंडातून एक गोष्ट नऊ वर्षं बाहेर पडली नाही. ती आता लिहून काढतो.

कापसाची वाईट वर्षं होती ती. रोज कुठल्या तरी गावाचं नाव कानावर यायचं अन् चहाच्या टपरीवर लोक पेपर उलटा करून ठेवायचे. दुकानात नवं काही कुणी घेत नव्हतं. चार वेळा झाळलेला पंप पाचव्यांदा झाळायला यायचा. त्या साली रमजान नेमका वेचणीच्या तोंडावर आला होता. मी रोज्यात होतो, घसा कोरडा, डोकं तापलेलं, अन् दुपारी गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर स्कूटर लावून आत आले.

हे डॉक्टर साताऱ्याकडचे. सहा-सात वर्षं इथं काढली तरी त्यांचं ‘बघा’ काही सुटलं नव्हतं. आम्ही ‘पाहा’ म्हणणारी माणसं, त्यांची नक्कल करून हसायचो. माणूस मात्र असा की शेळी अडली म्हणून जेवत्या ताटावरून उठून जाईल. त्यांनी पिशवीतून एक पिस्तूल काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

“या अल्लाह! डॉक्टरसाहेब, रमजानमधे हे काय घेऊन आले?”

“घाबरू नका मिस्त्री. गोळीचं नाही, सुईचं आहे.”

पिस्तूल गॅसवर चालणारं होतं. मुठीत अंगठ्याएवढी गॅसची नळकांडी बसायची, अन् नळीतून गोळीच्या जागी पिचकारीसारखी सुई सुटायची, शेपटाला गोंडा लावलेली. सुईत गुंगीचं औषध. जे जनावर हात लावू देत नाही त्याला पंधरा पावलांवरून मारायची. सरकारी कपाटात कित्येक वर्षं धूळ खात पडलं होतं, डॉक्टरांनीच ते साफ करून चालतं केलं होतं.

मग त्यांनी खिशातून एक डबी काढली. आत काडेपेटीहून लहान एक वस्तू, काळी, वर काच उभी.

“हे काय? बायकोची टिकलीची डबी आणली का चुकून?”

“डोळ्याला लावून बघा.”

लावलं. काचेत एक लाल ठिपका उभा होता, मसुराच्या दाण्याहून बारीक. मान हलवली तरी ठिपका जिथल्या तिथं. मी भिंतीकडे पाहिलं, भिंतीवर काही नाही. ठिपका भिंतीवर पडतच नव्हता, फक्त मला दिसत होता. डॉक्टरांचा कुणी भाचा परदेशात होता, त्याच्याकडून त्यांनी ते मागवून घेतलं होतं. का, ते त्यांनी जरा लाजतच सांगितलं. पिस्तुलाच्या टोकावर नेम धरायला एक खुंटी असते, आम्ही तिला मक्खी म्हणतो. डॉक्टर पन्नाशीला टेकले होते. मक्खी पाहावी तर जनावर धुरकट व्हायचं, जनावर पाहावं तर मक्खी गायब. या काचेत तसं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका जनावरावर आला की घोडा दाबायचा.

“उद्या सकाळी लागेल,” ते म्हणाले. “याडीच्या बैलासाठी.”

याडी म्हणजे आठ किलोमीटरवरच्या तांड्यातली एक बाई. तिथल्या बोलीत याडी म्हणजे आई. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो, जरी ती माझ्याहून पाचेक वर्षांनीच मोठी होती. नवरा ऊसतोडीला गेला तो गेलाच, तिकडेच त्यानं दुसरा संसार मांडला. याडीनं एकटीनं वावर केलं. तिची बैलजोडी तिनं वासरापासून वाढवलेली, आपल्या घासातला घास घालून. त्यातल्या पांढऱ्या बैलाच्या शिंगाच्या बुडाशी कॅन्सर झाला होता. बैलांना होतो तो. शिंग कापलं की बैल वाचतो, वेळेवर कापलं तर. पण दुखण्यानं तो बैल वेडापिसा झाला होता. दावं तोडून वावरात शिरला होता, पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, उभा राहून डोकं झटकत होता, अन् जवळ येईल त्याच्यावर धावत होता. याडीवरसुद्धा. गुंगी दिल्याशिवाय त्याला हात लावणं शक्य नव्हतं. अन् एका बैलानं वावर होत नाही, हे कुणाला सांगायला नको.

तेवढ्यात याडीच आत आली. ती बाजाराला आली होती, अन् तिची तीन पोती कापूस माझ्याच दुकानात होता. खरेदीचं केंद्र उघडलं नव्हतं, तिच्या खोपटात जागा नव्हती, म्हणून पहिल्या वेचणीचा तो कापूस तिनं माझ्याकडे आणून ठेवला होता. दुधासारखा पांढरा. माझ्या दुकानात जिकडेतिकडे तेल अन् ग्रीस, म्हणून मी ती पोती माडीवजा फळीवर चढवून वर स्वच्छ चादर झाकली होती. बायको म्हणायची, मले कधी एवढी चांगली चादर नाई आणली तुम्ही.

डॉक्टर सांगत होते की सुई मारून मारून ठिपका जुळवावा लागेल, अन् निशाण्याला काहीतरी मऊ पाहिजे, नाहीतर सुया वाकतील, अन् सुया आहेत मोजून सहा. मी म्हटलं, मऊ काय आणू, माझ्याकडे सगळं लोखंडच.

“माह्या पोत्यावर मारा न,” याडी म्हणाली. “सुईनं काय होते कापसाले? माह्याच बैलासाठी तं चाल्लं हे.”

डॉक्टर निघताना मला म्हणाले, “मिस्त्री, एक लक्षात ठेवा. सुईत पाणी भरूनच मारा. रिकामी सुई हलकी असते, वर जाते. औषध भरलं की खाली पडते. पाण्यानं वजन बरोबर येतं.”

“हो हो,” मी म्हटलं. “मी का पोट्टा हाव काय?”

ते गेले, याडीही गेली, अन् मी कामाला बसलो. काम माझ्या मनाजोगतं होतं, खोटं कशाला बोलू. पिस्तुलाच्या पाठीवर चपटी जागा होती, पण ठिपकेवाल्या डबीची भोकं तिच्याशी जुळत नव्हती. मी अॅल्युमिनियमची पट्टी कापली, दोन्ही बाजूंनी घासून सपाट केली, काचेवर ठेवून खालून उजेड येतो का पाहिलं. भोकं पाडली, आटे पाडले. स्क्रू इतके बारीक की चिमट्यानं धरावे लागत. पट्टी पिस्तुलावर, पट्टीवर डबी. एक स्क्रू थोडा, मग दुसरा थोडा, पुन्हा पहिला. एकच आवळून टाकला तर डबी तिरपी बसते. आट्यातलं तेल पेट्रोलनं धुऊन काढलं, चिकटवायचं औषध लावलं. शेवटी घरून बायकोची नेलपॉलिश आणून प्रत्येक स्क्रूवरून पट्टीवर एक रेघ ओढली. स्क्रू सैल होऊन फिरला तर रेघ तुटते, लगेच कळतं. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मलाच सुचलं, अन् मी स्वतःवर भलताच खूश झालो.

मग पोतं फळीवरून उतरवलं, मागच्या अंगणात भिंतीला टेकवलं, चुन्यानं त्यावर फुली काढली. पंधरा पावलं मोजली. सुई घेतली, दवाखान्याच्या सिरिंजमधे पाणी ओढलं.

अन् तिथं माझा हात थांबला.

ती सुई लागली की आतलं पाणी पिचकून बाहेर येतं, कामच आहे ते तिचं. म्हणजे ते पाणी याडीच्या कापसात जाणार. एकदा नाही, वीस वेळा, तीस वेळा. आमच्या भागात लेकराला चालायच्या आधी कळतं की कापसाला पाणी लावायचं नाही. ओला कापूस काळा पडतो, आत तापतो, केंद्रावर मूठ घालून पाहतात अन् पोतं बाजूला काढतात. कापूस पावसात सापडला तर आम्ही घरातलं अंथरूण बाहेर टाकून कापूस आत घेतो. अन् हा तर दुसऱ्याचा, विश्वासानं ठेवलेला. एकटीनं वेचलेला. मी सिरिंज तशीच हातात धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, पाणी असून असून किती, दोन चमचे नाही. त्यानं काय एवढा फरक पडणार? हे डॉक्टर लोक पुस्तकातलं सांगत असतात.

अन् मी ते पाणी मातीत पिचकवून दिलं.

सगळ्या सुया रिकाम्याच मारल्या. पहिली फुलीच्या वर लागली, हातभर. डबीच्या कडेला दोन बारीक स्क्रू असतात, एक वर-खालचा, एक डाव्या-उजव्याचा. घड्याळवाल्याचा पेचकस घेऊन ठिपका सरकवत गेलो. मारायचं, पाहायचं, सरकवायचं. इफ्तारच्या आधी सहाच्या सहा सुया फुलीवर आल्या, एका कपाच्या तोंडात मावतील एवढ्या. पोत्याला बारीक भोकं पडली होती, पण कापूस कोरडा ठणठणीत. मी ते पुन्हा फळीवर चढवलं, चादर झाकली, अन् अजान झाली तेव्हा खजूर तोंडात टाकताना मला वाटलं की आज आपल्या हातून चांगलं काम झालं.

सकाळी डॉक्टर आले. रेघा पाहिल्या, हसले.

“पाणी भरूनच मारलं ना?”

“हो न. भरूनच मारलं.”

रोज्याच्या तोंडानं खोटं बोललो. कायले बोललो? आजही मला नीट सांगता येत नाही. खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाजूला व्हा, मी करतो, अर्धा तास लागेल. एवढंच झालं असतं. पण केलेल्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं, हा माझा जन्माचा रोग.

मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून गेलो. माझं काम कसं चालतं ते मला पाहायचं होतं.

बैल पऱ्हाटीच्या मधोमध उभा होता. मान एका बाजूला कललेली, नाकातून रक्ताची धार, बोंडं फुटलेली झाडं त्याच्या भोवती आडवी झालेली. याडी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून त्याच्याशी तिच्या बोलीत बोलत होती. तो कान तिच्याकडे करायचा अन् पुन्हा डोकं झटकायचा. डॉक्टर हळूहळू पुढं सरकले. मी मनात पावलं मोजत होतो. बरोबर पंधरा. त्यांनी दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं. हात अजिबात हलत नव्हता, मी पाहिलंय. ठिपका त्यांनी मागच्या मांडीच्या जाड भागावर धरला असणार, तिथंच धरायचा असतो.

सुई पोटाखालून गेली अन् काळ्या मातीत रुतली.

बैल दचकला, चार पावलं धावला, थांबला. डॉक्टरांनी दुसरी सुई भरली. औषध दोनच सुयांचं होतं. ते आणखी जवळ गेले, मी ओरडलो, डॉक्टरसाहेब, नका! त्यांनी मारली. ती लागली, पण खाली, गुडघ्याच्याही खाली, जिथं मांस नाही, नुसतं हाड अन् कातडं. अर्धं औषध आत गेलं असेल, अर्धं बाहेर.

कळलं मला. त्याच क्षणी कळलं. भरलेल्या सुया खाली पडत होत्या. ओरडून सांगावं असं वाटलं, पण सांगून आता काय होणार होतं?

बैल उधळला. अर्ध्या गुंगीत झोकांड्या खात शेजारच्या वावरात शिरला. तिथं विहीर होती, कठडा नसलेली, काठाला गवत वाढलेलं. याडीला माहीत होतं. ती धावली, हाका मारत धावली, डॉक्टर तिच्यामागं. बैलाचा पुढचा पाय गवतात गेला अन् तो दिसेनासा झाला. मग पाण्याचा आवाज आला. पावसाळा नुकताच संपलेला, विहीर निम्मी भरलेली. साधा बैल पोहून तरला असता. हा गुंगीतला, त्याला डोकं वर धरता येईना. डॉक्टर दोर बांधून आत उतरले, तांड्यातले लोक धावत आले, त्याचं तोंड पाण्यावर धरून ठेवायला डॉक्टरांनी जीव तोडला. वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. याडी काठावर बसून खाली वाकून त्याच्याशी बोलतच होती, तो मेल्यावरसुद्धा.

लोकांनी डॉक्टरांना धरलं. आंधळा आहे, म्हणाले. बैल दिसत नाही अन् पिस्तूल घेऊन हिंडते. डॉक्टर चिंब भिजलेले, खाली मान घालून उभे. अन् मी, फाटक्या तोंडाचा मिस्त्री, त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी ते पिस्तूल घेऊन दुकानात आले.

“ते काढून टाका मिस्त्री. तुमच्या कामात खोट नाही, रेघा बघा, जशाच्या तशा आहेत. माझा हातच गेला.”

मी ते स्क्रू काढले. नेलपॉलिशच्या रेघा तुटताना बारीक आवाज झाला. त्या वेळीही सांगता आलं असतं. चहा सांगू का, एवढंच विचारलं. ते नको म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात बदली मागून निघून गेले.

अन् याडी. केंद्र उघडल्यावर ती पोती न्यायला आली. शेजाऱ्याची गाडी मागून आणली होती. मी चादर काढली. तिनं प्रत्येक पोत्यात हात घातला, मूठभर कापूस काढून गालाला लावून पाहिला.

“कोरडा ठेवला बाप्पा तुम्ही. लय उपकार झाले, मिस्त्रीभाऊ.”

मी आत जाऊन लेथ चालू केला. काही काम नव्हतं, रिकामाच फिरवला.

नऊ वर्षं गेली. डॉक्टर निवृत्त झाले होते, बायकोला घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला आले होते, अन् तिथून मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे आले. केस पांढरे झालेले. बोलता बोलता म्हणाले, त्या दिवसानंतर मी ते पिस्तूल कधी हातात घेतलं नाही. ऑपरेशनंही हळूहळू सोडली. लोक बोलवायला येत होते, पण हातावर भरवसाच राहिला नाही. शेवटची पाच वर्षं दाखल्यांवर सह्या केल्या.

तेव्हा मात्र माझं तोंड फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं. सुया रिकाम्या होत्या, पाणी भरलं नव्हतं, तुमच्या तोंडावर खोटं बोललो.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग विचारलं, “पण का?”

“पोतं याडीचं होतं न साहेब. तिच्या कापसाले पाणी कसं लावाव?”

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, पालथा, मग उताणा केला, अन् त्याच्याकडे पाहत राहिले. “म्हणजे हात बरोबर होता माझा,” एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांची बायको तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेली.

थोड्या वेळानं ते उठले. “याडी आहे ना अजून? चला. तिला तुम्ही सांगायचं, माझ्यासमोर.”

आम्ही तांड्यावर गेलो. याडी खोपटापुढं बसली होती, अगदी म्हातारी झालेली, कमरेतून वाकलेली. वावर तिनं दुसऱ्याला करायला दिलं होतं. उरलेला एक बैल त्याच साली ढाणकीच्या बाजारात विकला होता. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो अन् पहिल्यापासून सगळं सांगितलं. तुमचा बैल डॉक्टरानं नाही मारला, मी मारला. तुमचा कापूस ओला होऊ नये म्हणून.

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नाही. तेच मला सहन झालं नाही. कपाळाला हात लावून ती आठवत राहिली, जणू कुण्या दुसऱ्याच बाईचं काहीतरी आठवतेय.

“तो कापूस?” ती म्हणाली. “तो तं भिजला, मिस्त्रीभाऊ. केंद्रावर गाड्यायची लाइन होती, तीन दिवस उभी होती मी. तिसऱ्या दिवशी पाणी आलं, सगळा भिजला. त्याईनं घेतलाच नाई.”

मग ती भिंतीला धरून उठली अन् आमच्यासाठी पाणी आणायला आत गेली.